घोडं अडलं

शिरूरचं जुनं नाव घोडनदी. तिथंच परवा आमचं घोडं अडलं. ईमॅक्स या एडिटरच्याच खिडकीत कमांड सोडली. लॉगच्या लाखभर ओळी. त्यातली एक तर दौंडच्या मालगाडीसारखी, शेवटचा डबा काही दिसेना. कर्सर थिजला, पंखा घोंघावू लागला, वर पाटी 'नॉट रिस्पॉन्डिंग'. सरकारी खिडकीवर निदान 'जेवणाची सुट्टी' तरी लिहितात!

दौंडला इंजिन फिरवण्यात गाड्या खोळंबायच्या, म्हणून रेल्वेने कॉर्ड लाइनवरून वाट काढली. लांबलचक ओळींवरचा उतारा ईमॅक्सवाल्यांनाही सापडला, पण 29व्या आवृत्तीत, 2023 साली. तुमचा एडिटर जुना असेल तर बाबांनो, आउटपुट आधी फाइलमध्ये वळवा आणि टेल कमांडने शेवटच्या दहा ओळी तेवढ्या बघा.