घड, पट्टी आणि भाव

जळगावच्या सराफ बाजारात आता रॅमची पट्टीही काट्यावर तोलायला हरकत नाही. सोन्यावर जीएसटी ३ टक्के, रॅमवर १८. सरकारच्या लेखी खरी चैन कोणती, ते कळलंच. धुळ्यात दुकानदाराला भाव विचारला, तर म्हणाला, "भाऊ, सकाळचा सांगू की आत्ताचा?"

रॅम इतकी महागण्याचं कारण म्हणे एआय. जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे रॅमच्या पट्टीवरची मेमरी चिप, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या हाती. एआयचे डेटा सेंटरवाले जास्त मोजतात, माल तिकडे जातो. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये ग्राहकांसाठीचा 'क्रुशल' ब्रँड गुंडाळत असल्याचंच जाहीर केलं.

आणि स्वस्ताई आली की? २०२३मध्ये भाव कोसळले, तेव्हा कंपन्यांनी उत्पादनच घटवलं. रावेरच्या केळीवाल्याला ही सोय कुठली! भाव पडला म्हणून घडाला "थांब रे जरा" म्हणता येत नाही. त्याने चार शेजारी जमवून भाव ठरवायचा म्हटला, तरी व्यापारी हसेल. सॅमसंगने मात्र असं संगनमत केल्याची कबुली २००५मध्ये अमेरिकेत दिली. दंड ३० कोटी डॉलर. दुकान आजही जोरात आहे.

तेव्हा जुना लॅपटॉप भंगारात देताना पट्टी आधी काढून घ्या.