खोकं सोडून

चैत्र लागायच्या आत भिलाईतल्या प्रत्येक मराठी घरात एक घोषणा होते : 'या वर्षी सगळं काढायचं!' गौर बसणार, हळदीकुंकवाला अख्ख्या सेक्टरातल्या बायका येणार, आणि आंब्याची डाळ खाता खाता त्यांची नजर नेमकी पंख्याच्या पात्यांवर जाणार. तेव्हा सगळं निघतं. पडदे निघतात, गाद्या निघतात, होळीला भिंतीवर उठलेले गुलालाचे पंजे निघतात. मागच्या अंगणातला कूलर पुढे येतो, त्यातली वर्षभर कुजलेली खस जाते आणि सुपेल्याच्या बाजारातून नवी येते. देवघरातल्या समईपासून संडासातल्या बादलीपर्यंत काही म्हणजे काही सुटत नाही.

खोकं सोडून.

खोकं टीव्हीचं. टीव्ही नाही, नुसतं खोकं. १९८२च्या एशियाडनं देशात रंगीत टीव्ही आणला, त्यानंतर यथावकाश तो या क्वार्टरमध्ये आला, पाठीला भलंमोठं पोक घेऊन. पुढे तो बिघडला, कबाड्याकडे गेला, त्याच्या जागी भिंतीला चिकटणारा पातळ टीव्ही आला. खोकं मात्र माळ्यावर आहे, 'ही बाजू वर' सांगणाऱ्या बाणासकट. दर चैत्रात ते खाली उतरतं, ओल्या फडक्यानं अंग पुसून घेतं, अंगणात तासभर ऊन खातं आणि परत वर जातं. का? तर 'क्वार्टर बदललं तर सामान न्यायला लागेल.' क्वार्टर बदललेलं नाही. बदललं असतं तरी पोकवाला टीव्ही कुठून आणणार, हे विचारायची सोय नाही.

ज्यू लोक वल्हांडणाच्या आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन घराचा कोपरा न् कोपरा धुंडाळतात. पावाचा एखादा कण जरी सापडला, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी जाळून टाकतात. आपणही धुंडाळतो. सापडलेलं पुसून परत जागेवर ठेवतो, एवढाच काय तो फरक.

बरं, ते खोकं रिकामं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पोलाद कारखान्यासाठीच्या १९५५च्या करारानंतर सोव्हिएत तज्ज्ञ या गावात राहायला आले, आणि जुन्या घरांच्या शोकेसमध्ये अजून एखादी लाकडी रशियन बाहुली दिसते : पोटात बाहुली, तिच्या पोटात बाहुली. माळ्यावर नेमकं तेच चाललेलं असतं. टीव्हीच्या खोक्यात मिक्सरचं खोकं, मिक्सरच्या खोक्यात इस्त्रीचं, इस्त्रीच्या खोक्यात मोबाइलचं, आणि मोबाइलच्या खोक्यात मिक्सरचं वॉरंटी कार्ड. मिक्सर मेला, वॉरंटी त्याच्या आधीच मेली, तरी कार्ड जपून ठेवलेलं, 'कागदपत्रं फेकू नयेत' म्हणून. आणि या सगळ्यांच्या मधल्या फटींत थर्माकोल. तुटू नये म्हणून दोन बायांनी धरून खाली उतरवायचा, हळुवार पुसायचा, पुन्हा त्याच खाचेत बसवायचा. थर्माकोलमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त असते ती हवा. म्हणजे या घरानं पिढीभर माळ्यावर हवा साठवली आहे, दर चैत्रात ती खाली आणून पुसली आहे, आणि सुरक्षित राहावी म्हणून वरून जुनी चादर घातली आहे. खाली बैठकीत उकाड्यानं जीव जातोय, कूलरला जागा नाही, वर मात्र हवा ऐसपैस झोपली आहे!

गंमत म्हणजे हे लोखंडाचं गाव. मोडकं, गंजकं, वाकडं लोखंड भट्टीत घालून त्याचं नवं करायचं, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक. पुठ्ठ्यापुढे मात्र सगळे हात टेकतात. कबाडी दारात उभा राहून अंगणातल्या खोक्याकडे बघतो. 'दीदी, ये भी दे दो.' दीदी दचकतात. 'वो नहीं, वो काम का है!'

आणि हे खोकं चढवतं-उतरवतं कोण? यजमान खाली स्टूल धरून उभे असतात, तेही एका हातानं, दुसऱ्यात चहा. स्टुलावर असते ती कामाला येणारी बाई. तिचा पगार झाडू-पोछा आणि भांड्यांचा ठरलेला. माळा, जाळ्या, पंखे, बारा पडदे, कूलरची टाकी आणि हे खोकं त्या पगारात बसत नाही, हे सगळ्यांना कळतं. पण तिनं वरचे दोनशे मागितले की घरात शोककळा. 'सणावाराला हातभार लावायचा तर पैसे कसले मागतेस गं?' सण कोणाचा? घरमालकिणीचा. कंबर कोणाची? तिची. तिच्या घरची साफसफाई ती कधी करते, हे विचारणारा माणूस मला या गावात अजून भेटायचा आहे. चाळीस डिग्रीच्या वाटेवर असलेल्या दुपारी पत्र्याखाली परत जाताना तिला हळदीकुंकवाची उरलेली डाळ मिळते, तीही दुसऱ्या दिवशीची, जराशी आंबलेली. हवेला चादर आणि बाईला आंबलेली डाळ! याला डीप क्लीनिंग म्हणतात.

अखेर एक दिवस यजमान निवृत्त होतात. क्वार्टर सोडायचं, नागपूरच्या फ्लॅटमध्ये जायचं. म्हणजे ज्या दिवसासाठी खोकं सांभाळलं तो दिवस आला! ते अंगणात मधोमध, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं जातं. पॅकर्सवाली पोरं येतात, आणि येतानाच आपली नवीकोरी खोकी घेऊन येतात. पातळ टीव्ही त्यांच्या खोक्यात जातो. मिक्सर त्यांच्या खोक्यात. इस्त्री त्यांच्या खोक्यात. जुनं खोकं बघून त्यातला एक पोरगा विचारतो, 'आंटी, इसमें क्या है?'

'काही नाही रे,' काकू घाईघाईनं सांगतात, 'पण जरा जपून भर हं, कोपरे दबतील.'

पोरगा आज्ञाधारक. तो टीव्हीच्या जुन्या खोक्याला चारी बाजूंनी बबल रॅप गुंडाळतो आणि एका मोठ्या नव्या खोक्यात ठेवतो. काकू ते नवं खोकं बोटानं वाजवून बघतात. चांगलं मजबूत आहे.