हिरव्या शाईची मोटारहोम

मोटारहोममध्ये ए, बी आणि सी असे वर्ग असतात हे कळल्यावर मी सोफ्यावर सरसावून बसलो. उभी हयात गट-अ राजपत्रित अधिकारी म्हणून हिरव्या शाईने सह्या करण्यात गेलेली. मुलाला म्हटलं, "ए घे. बाकीचं मला सांगू नकोस."

सांगितलंच त्याने. ए म्हणजे नुसत्या चासीवर उभारलेली आख्खी बस, ४५ फुटांपर्यंत लांब; महागड्या गाड्यांचं डिझेल इंजिन मागच्या बाजूला. इथवर प्रशासन ठीक होतं. पण बी सगळ्यांत लहान! स्प्रिंटरसारख्या तयार व्हॅनच्या पोटात पलंग आणि शेगडी. सी मधल्या मापाची: ड्रायव्हरची केबिन व्हॅनचीच, मागे बांधलेली खोली, केबिनच्या डोक्यावर झोपायला माळा. म्हणजे गट-क हा गट-ब पेक्षा मोठा. ही ज्येष्ठता यादी मंजूर केली कोणी? "बाबा, वर्ग बांधणीवरून पडलेत, मापावरून नाहीत," सूनबाई म्हणाली. आमच्याकडे असली यादी प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, एक दिवस टिकली नसती.

लायसन्सचं तर विचारूच नका. प्रवास कॅलिफोर्नियातला, आणि तिथे साध्या मोटारीचं लायसन्स क्लास सी. त्यावर ४० फुटांपर्यंतची क्लास ए गाडी खुशाल हाका. तीच ४० च्या वर गेली, तर लायसन्स लागतं क्लास बी!

अखेर सी घेतली. मागचा पलंग हिला, माळा मला. दर्जा गेला, उंची राहिली.

आता टाक्या. या विषयावर मला कुणी थांबवू नये. सूनबाईने प्रयत्न केलेला आहे. गाडीच्या पोटात टाक्या तीन: एक चांगल्या पाण्याची, एक करडी (मोरी आणि अंघोळीच्या पाण्याची), एक काळी. काळीचं वर्णन करत नाही. भरल्या की डम्प स्टेशनवर जायचं, हातमोजे चढवायचे, जाड नळी जमिनीतल्या भोकात घट्ट बसवायची आणि आधी काळीचा दांडा ओढायचा, मग करडीचा. म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. याच्याइतकं शहाणपणाचं परिपत्रक मी नोकरीत पाहिलं नाही.

योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात, अप्पर पाईन्स तळाच्या डम्प स्टेशनवर आमच्या पुढे एक भलीमोठी क्लास ए उभी होती. पुण्यात फ्लॅट यावा अशा किमतीची. तिचा पांढऱ्या केसांचा मालक गुडघ्यांवर बसून स्वतःची काळी टाकी रिकामी करत होता, आणि त्याचा कुत्रा खिडकीतून देखरेख. मागे हातात नळी घेऊन आम्ही.

आमच्या कार्यालयाची सेप्टिक टाकी उपसल्याची बिलं माझ्याच सहीने जायची. त्यावर लिहिलेलं असे: मजूर, नग दोन. नावाचा रकाना त्या नमुन्यात नव्हता. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला. तरी माणसं उतरतात, गुदमरतात, आणि त्यांचं नाव पहिल्यांदा छापून येतं ते त्या बातमीत. सही मात्र वर्षानुवर्षं ठळक, हिरवी, पूर्ण नावाची.

"बाबा, काळी झाली. करडी तुम्ही," मुलाने हातमोजे पुढे केले.

घातले. वाकलो. दांडा गच्च बसला होता, दोन्ही हातांनी धरला, ओढणार एवढ्यात वरच्या खिडकीतून हिचा आवाज आला, "अहो, थांबा की जरा! कुकर घासायचा राहिलाय!"