सावलीचे तास

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो. एप्रिल संपत आला होता, जळगावचा पारा ४३ वर होता आणि त्याचा फोन आला. "आमची यंदा उन्हाळ्यात शॅडोइंग करतेय. तुमची काय करतेय?"

"आमचीपण सावलीतच आहे," मी म्हणालो. "बारा ते पाच दाराबाहेर सोडत नाही."

मग त्याने समजावलं. शॅडोइंग म्हणजे डॉक्टरांच्या मागे सावलीसारखं फिरायचं, मुकाट्याने बघायचं आणि किती तास फिरलो ते वहीत मांडायचं. तिकडे आधी चार वर्षांची पदवी आणि मग मेडिकल. प्रवेशाच्या वेळी मार्कांसोबत हेही बघतात, की या पोरीने आजारी माणूस कधी जवळून पाहिलाय का.

आई पलंगावर पडून ऐकत होती. ती धुळ्याकडची. लग्न होऊन जळगावात आली त्याला पन्नास वर्षं झाली, पण तिची अहिराणी काही सुटली नाही. "सावलीमा बसाले अमेरिका जानं पडस का?" एवढं विचारून तिने कूस बदलली.

मला मात्र ते लागलं. आमच्या कन्येची अकरावी नुकतीच संपली होती. पुढच्या मे महिन्यात नीट. १८० प्रश्न, ७२० मार्क. बरोबर उत्तराला चार मिळणार, चुकलं तर एक कापणार. पूर्वी सरकारी मेडिकल म्हटलं की धुळ्याचं भाऊसाहेब हिरे. २०१८ पासून जळगावातही सरकारी कॉलेज आहे. म्हणजे बस वाचली, मार्क काही वाचले नाहीत. आणि त्या १८० प्रश्नांत 'रक्त पाहून तुम्हाला चक्कर येते का?' हा प्रश्न नसतो.

तो वेळेवर कुणी न विचारल्याचे परिणाम मी भोगलेत. मलाही डॉक्टरच व्हायचं होतं. अकरावीत बेडूक आला. क्लोरोफॉर्म बेडकाला दिला आणि आडवा मी झालो. शुद्धीवर आलो तेव्हा तो ट्रेमध्ये आणि मी बाकावर, दोघंही उताणे. मी कॉमर्सला गेलो.

म्हणून घरात बैठक बसवली. विषय : क्लासच्या पंधरा दिवसांच्या सुट्टीत पोरीने कुठे अनुभव घ्यावा. बायकोचं मत होतं की टेस्ट सिरीज हाच अनुभव. मेहुण्याने तर अॅप्रन आणि स्टेथोस्कोप घालून आधी एक फोटो काढून घ्यायला सांगितलं. अनुभव मागाहून घेता येतो. माझी इच्छा थेट ऑपरेशन थिएटरची. ओळखीच्या सर्जनना विचारलं, तर ते म्हणाले, "पेशंटला विचारलंत का? पोट त्याचं आहे." मला आजवर ऐकवल्या गेलेल्या नकारांत हा सगळ्यात शहाणा.

मग सुरुवात शेजारच्या दातांच्या दवाखान्यापासून झाली. तीन दिवसांत तिने पेशंटच्या चपला ओळीत लावल्या आणि 'डॉक्टर येतीलच' हे वाक्य सात तऱ्हांनी म्हणायला शिकली. पुढे धुळ्याला मामाचं मेडिकल. तिथे डॉक्टरांचं अक्षर वाचता येऊ लागलं. मामा म्हणाला, "हे आमचं शिक्षण आहे. तुला लिहायचंय, वाचायचं नाही."

नंतर रक्तदान शिबिर. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, लोक गावाला गेलेले, त्यामुळे रक्ताचा तुटवडा ठरलेलाच. पण रक्त द्यायला वय अठरा पूर्ण लागतं, म्हणून ती चहा-बिस्किटांच्या टेबलावर. तिच्यासमोर अब्रू राहावी म्हणून मी हात पुढे केला. पुढचं मला आठवत नाही. ती सांगते, की तिने माझे पाय उंच धरले आणि नंतर मला दोन बिस्किटं जास्त दिली. तिचा पहिला पेशंट मीच.

खरी मजा मावशीच्या गावी आली. तिथल्या आशाताई सकाळी सातलाच निघत, कारण दहानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. कन्या त्यांच्यामागे पिशवी धरून. ओआरएसची पुडी नसेल तर काय, हे ताई दारोदार सांगत : लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. यात काय मोठं, असं पोरीला वाटलं. मग तिनेच कुठूनसं वाचून आम्हाला ऐकवलं. १९७१ साली बांगलादेशचे निर्वासित बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने मरत होते, सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पिंपांत मीठ-साखरेचं पाणी भरून ठेवलं आणि पाजायचं काम पेशंटच्या नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आलं.

"मंग? पन्हं कशाले करतस आम्ही?" आई म्हणाली.

सुट्टीचे दोन दिवस उरले होते आणि आईलाच बरं वाटेना. ती तेव्हा धुळ्यात, माहेरी. नात तिला घेऊन ओपीडीत गेली; मी केसपेपर धरून मागे. समोरचा तरुण डॉक्टर लातूरकडचा.

"आजी, दुखतंय कुठे?"

"दुखस नई."

"मळमळतं? चक्कर?"

"नई."

"मग होतंय काय?"

"कसंतरी हुई राहिनं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. तेव्हा कन्या आपल्या मोडक्या अहिराणीत बोलली, "आजी, कव्हयपासून?" अखाजीपासून. अखाजीला काय झालं? काही नाही, झोका, आमरस, पुरणपोळी. आणि बीपीची गोळी? "सनना दिन गोयी कशाले खावानी?" सण एक दिवसाचा, पण बंद झालेली गोळी आठवडाभर बंदच होती. डॉक्टरांनी बीपी मोजलं, भुवया उंचावल्या, गोळी पुन्हा सुरू केली आणि मीठ कमी करायला सांगितलं. मागच्या बाकावरच्या तीन आज्यांनी हे पाहिलं. त्यांनाही कसंतरीच होत होतं. डॉक्टरांनी पोरीला थांबवून घेतलं आणि दुपारपर्यंत ती दुभाषी झाली.

बाहेर निंबाखाली नातेवाइकांची दाटी होती. आईला तिथे बसवलं. कन्येने वही काढली. "बाबा, 'कसंतरी'ला चार पर्याय द्यायचे तर कोणते?"

"पहिले माले पानी दे," आई म्हणाली. "मंग व्हजो डाक्टर."

पोरीने पिशवीतून मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, आजीकडे पाहिलं आणि परत लावलं. बाटली माझ्या हातात देऊन ती माठाकडे साधं पाणी आणायला पळाली.