हे अंशतः खरे आहे

20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान झालं आणि 21 च्या सकाळी भाऊ माझ्या चिखलदऱ्याच्या घरासमोर उभे राहिले. एक गाडी, एक ड्रायव्हर, एक भाऊ. कुणाच्या मातीलाही ज्यांच्या मागं पाच गाड्या असतात, ते असे एकटे पाहून माझ्या पोटात धस्स झालं.

"मास्तर, दोन दिवस लपव मले. 23 ले निकाल हाय. तवरोक खाली राह्यलो तं लोकं लीडचे आकडे सांगू सांगू मारतीन."

परतवाड्याहून घाट चढून वर आलं, की उरलेला सगळा वऱ्हाड 'खाली' होतो. भाऊंचा मतदारसंघ तसा खालचाच, कापसा-संत्र्याचा. नाव सांगत नाही. सांगितलं नाही तरी 288 पैकी निम्मे आमदार म्हणतील, हा मीच. विश्रामगृहावर आचारसंहितेचा पहारा, म्हणून माझ्या घराचा आसरा. आम्ही शाळेत एका बाकावरचे. मी मास्तर झालो, माझ्या वहीत पाहून लिहिणारे भाऊ आमदार झाले.

"जेवून आला का?" मी विचारलं.

"हे अंशतः खरे आहे," भाऊ म्हणाले. म्हणजे रस्त्यात आलूबोंडा झाला होता.

ही भाषा त्यांना विधानभवनानं लावली. तिथं तारांकित प्रश्नाचा एक साचा असतो. अमुक गावात अमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास विलंबाची कारणे काय? खालून मंत्र्यांचं छापील उत्तर येतं : 'हे अंशतः खरे आहे.' पुढं 'चौकशी सुरू आहे' आणि शेवटी 'प्रश्न उद्भवत नाही.' पहिल्या अधिवेशनात भाऊ या उत्तरांवर चिडले. दुसऱ्यात हसले. तिसऱ्यापासून स्वतःच तसं बोलू लागले. वहिनींनी विचारलं, "घरी कधी येता?" तर "बाब विचाराधीन आहे." पोरानं नवी मोटरसायकल मागितली, तर "प्रश्न उद्भवत नाही."

भाऊंची वाटचाल वऱ्हाडी शिरस्त्याप्रमाणे झाली. आधी गावच्या सेवा सहकारी सोसायटीचे संचालक, मग सरपंच, मग पंचायत समिती, मग जिल्हा परिषदेत बांधकाम सभापती. बांधकाम सभापती झालेल्या माणसाला आमदारकीचं स्वप्न पडतं, हा निसर्गनियम आहे. त्यानंतरची पाच वर्षं ते 'भावी आमदार' होते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, गणपतीच्या मांडवात, एवढंच काय, श्रद्धांजलीच्या बोर्डावरही 'शोकाकुल : भावी आमदार'. हे पद कुठल्याही निवडणुकीविना मिळतं आणि त्याला मुदत नसते.

खरे आमदार झाल्यावर कळलं, की कायदे करण्यासाठी आपल्याला कोणीच निवडून दिलेलं नाही. लोकांना डीपी पाहिजे. रोहित्र म्हटलं तर वऱ्हाडात कोणी वळून पाहत नाही, डीपी जळली म्हटलं की गाव गोळा होतं. कुणाला बदली, कुणाला नागपूरच्या मेडिकलमध्ये खाट, कुणाला फक्त भाऊ लग्नाला पाहिजेत. लग्नाच्या मोसमात दिवसाला बारा-पंधरा मांडव. नवरदेवाचं नाव मंगलाष्टकं सुरू असताना पीए कानात सांगणार. एकदा पीएनं आदल्या मांडवातलं नाव सांगितलं आणि भाऊंनी भलत्याच नवरदेवाला नांदा सौख्य भरे केलं. वधूपिता म्हणाला, "काही हरकत नाही भाऊ, आले हेच महत्त्वाचं."

शिफारसपत्रांचीही एक लिपी आहे. 'नियमानुसार कार्यवाही व्हावी' म्हणजे काही करू नका. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' म्हणजे जमलं तर पाहा. पत्रामागोमाग फोन आला, तरच काम. हे साहेबांना ठाऊक असतं, बाबूला ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते पत्र घडी करून कोपरीच्या खिशात जपणाऱ्या माणसाला.

आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटींचा निधी. ऐकायला डोंगर, वाटायला बसलं की चिवडा. दीडेकशे गावं, प्रत्येक गावात चार देव आणि प्रत्येक देवाला सभामंडप. उरलेल्यात पेव्हिंग ब्लॉक आणि ओपन जिम. एका गावच्या ओपन जिमवर मी मिरच्या वाळताना पाहिल्या आहेत, दुसऱ्या गावी बकरी बांधलेली. प्रवासी निवाऱ्याचं छत चौघांना पुरत नाही, पण त्यावरचं भाऊंचं नाव दोन फर्लांगावरून वाचता येतं. एसटीत आमदारांसाठी सीट राखीव असते. तिथं मी गेली कित्येक वर्षं दुधाच्या कॅना, नवसाचे कोंबडे आणि झोपलेली लेकरं बसलेली पाहतो आहे. भाऊ त्या सीटवर कधी बसले काय? प्रश्न उद्भवत नाही.

दुपारी त्यांना गाविलगडावर नेलं. सांगितलं, 15 डिसेंबर 1803 ला वेलस्लीच्या इंग्रज फौजेनं हा किल्ला घेतला.

"आतून कोण फुटलं होतं?"

"कोणी नाही. तोफांनी तट फोडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला."

भाऊ बराच वेळ तटाकडे पाहत राहिले. "तिकडून काही ऑफर नव्हती काय त्याले?"

त्यांचं कुतूहल प्रामाणिक होतं. आमच्या मेळघाटातही केवलराम काळे 2009 साली काँग्रेसकडून निवडून आले आणि या खेपेला भाजपकडून उभे होते. राजकुमार पटेल आधी भाजपचे आमदार, 2019 साली प्रहारचे. मतदाराला चेहरा पाठ असतो, चिन्ह तेवढं दर वेळी नव्यानं घोकावं लागतं.

संध्याकाळी अंगणात शेकोटी पेटवली. फोन बंद ठेवलेला, त्यामुळं भाऊंच्या हातांना काम नव्हतं. रस्त्यानं जाणाऱ्या पर्यटकांना ते आपोआप नमस्कार करत होते. मी विचारलं, "हरलास तर?"

"माजी आमदाराले महिन्याले पन्नास हजार पेन्शन हाय."

मी एकतीस वर्षं खडू झिजवल्याची आठवण करून दिली. "तुझी बाब तपासून पाहतो," ते म्हणाले, आणि मग हलक्या आवाजात, "पैशाचं नाही रे मास्तर. सकाळी अंगणात कोणी चप्पल काढत नाही ना, तेच लय बेकार असते."

दुसऱ्या दिवशी एक कोरकू म्हातारी सीताफळांची टोपली घेऊन आली. पांढरे कपडे पाहून तिनं ओळखलं, हा कोणीतरी साहेब असणार. फळं मोजता मोजता तिनं तिच्या हिंदीत विचारलं, उन्हाळ्यात आमच्याकडं पाणी येईल का? वऱ्हाडात सगळ्यात जास्त पाऊस आमच्या या तालुक्यात पडतो आणि मार्च-एप्रिलात खडीमलसारख्या गावांत टँकर लागतो. पाऊस डोंगरावर पडतो आणि थांबतो खाली जाऊन. पुढाऱ्यासारखंच.

भाऊंनी तोंड उघडलं. 'हे अंशतः' पर्यंत आले आणि थांबले. म्हातारी त्यांची मतदार नव्हती, तिच्या हातात अर्ज नव्हता, सोबत कार्यकर्ता नव्हता. छापील उत्तराला टेकायला जागाच मिळेना. त्यांनी सगळी टोपली विकत घेतली. तिनं पैसे मोजून कनवटीला लावले आणि उत्तरासाठी तशीच उभी राहिली. थोड्या वेळानं गेली.

शेवटी मी त्यांना पंचबोल पॉइंटवर घेऊन गेलो. तिथं दरीत हाक दिली की ती पाच वेळा परत येते. भाऊंनी आजूबाजूला कोणी नाही हे पाहून घेतलं आणि पोटातून ओरडले, "भाऊंचा विजय असो!" दरीनं पाच वेळा साथ दिली. "पाह्य, ना नाश्ता, ना पेट्रोल," भाऊ खूश झाले.

मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा कठड्याजवळ गेले आणि ओरडले, "पाणी येईन काय?"

येईन काय... येईन काय... येईन काय...

पाचवा आवाज विरला तरी ते कान देऊन उभे होते. "उत्तर नाही देत बे मास्तर. आपलाच प्रश्न पाठवते वापस."

"सभागृहासारखं?"

भाऊंनी धोतराला लागलेली माती झटकली आणि गाडीकडे निघाले. चार पावलांवर मान न वळवता म्हणाले, "नाही. हे पूर्णतः खरे आहे."