नफा आमचा, तोटा आपला

सप्टेंबर २००८ बाजारभक्तांना फार जड गेला. १५ तारखेला लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळं काढलं. बुडणाऱ्याला बुडू द्यावं हा बाजाराचा पहिला नियम, तेव्हा सगळं यथासांग पार पडलं म्हणायचं. नियम एक दिवस टिकला. १६ तारखेला एआयजी ही विमा कंपनी गटांगळ्या खाऊ लागली आणि अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने तिच्यासाठी ८५ अब्ज डॉलर मोजायची तयारी दाखवली.

मग अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी बँका वाचवायला संसदेकडे ७०० अब्ज डॉलरची मागणी केली, तीन पानी मसुद्यावर. (आपल्याकडे पीककर्जालासुद्धा याहून जास्त कागद लागतात.) गोल्डमन सॅक्सचे हे माजी प्रमुख व्हाइट हाऊसमध्ये सभापती नॅन्सी पेलोसींपुढे एक गुडघा टेकून बसले. सरकारने बाजारात लुडबूड करू नये म्हणणाऱ्यांची आता सरकारने लुडबूड करावी म्हणून विनवणी चालली होती.

नोव्हेंबरात डेट्रॉइटच्या तीन मोटार कंपन्यांचे प्रमुख मदत मागायला वॉशिंग्टनला आले. तिघेही कंपनीच्या विमानांतून. त्यावर बोभाटा झाला, तेव्हा डिसेंबरात ते मोटारी हाकत आले. स्वतःचा माल वापरून पाहायची वेळ त्यांच्यावर सरकारी मदतीने आणली. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सांगून टाकलं की, मुक्त बाजार वाचवण्यासाठी आपण मुक्त बाजाराची तत्त्वं बाजूला ठेवली.

खरा पेच पडला तो ८२ वर्षांच्या अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांना. १९८७ ते २००६ मध्यवर्ती बँकेची गादी त्यांच्याकडे होती. २३ ऑक्टोबरला संसदीय समितीपुढे त्यांनी कबूल केलं की, आपल्या विचारसरणीत एक दोष सापडला आहे. कर्ज देणाऱ्या संस्था स्वार्थापोटी तरी आपल्या भागधारकांचं भांडवल जपतील असं त्यांनी धरलं होतं, आणि आता त्यांना धक्का बसला होता. गल्लीत भिशी चालवणाऱ्या वहिनी एवढा विश्वास कुणावर टाकत नाहीत. दर महिन्याला सगळ्यांदेखत वही उघडतात. १९९८ मध्ये ब्रुक्सली बॉर्न या अधिकारी बाईंनी डेरिव्हेटिव्ह या गुंतागुंतीच्या वित्तीय करारांची अशीच वही उघडायला सांगितली होती. ग्रीनस्पॅन, तेव्हाचे अर्थमंत्री रुबिन आणि त्यांचे उपमंत्री लॅरी समर्स यांनी मिळून त्यांना गप्प बसवलं. तरी ग्रीनस्पॅन यांचे आभार मानायला हवेत. दोष सापडला, असं निदान म्हणाले तरी.

समर्सना तोही त्रास पडला नाही. मार्च २००९ मध्ये ते नव्या राष्ट्राध्यक्षांचे आर्थिक सल्लागार होते. एआयजीला खड्ड्यात घालणाऱ्या विभागातच सुमारे १६.५ कोटी डॉलरचा बोनस वाटायचं ठरलं होतं. लोक भडकले. समर्स म्हणाले, करार आहेत, सरकारला ते असे मोडता येत नाहीत. डेट्रॉइटच्या कामगारांचेही करारच होते. सरकारी कर्जाची अट म्हणून ते पुन्हा टेबलावर आणून छाटले जात होते.