झाकण काढलं होतंत ना?

मिरकरवाड्याच्या जेटीवर ट्रायपॉड लावणारा माणूस समुद्राकडे तोंड करून उभा राहतो आणि वीज त्याच्या पाठीमागे पडते. ऑक्टोबरात तर हे ठरलेलंच. त्यात त्याचंही काही चुकत नाही. समोर पाणी, पाण्यात नांगरलेल्या बोटी, वर रत्नदुर्ग आणि त्याचं दीपगृह. इतकी मांडून ठेवलेली शोभा सोडून बर्फाच्या कारखान्याकडे आणि वाळत घातलेल्या जाळ्यांकडे कॅमेरा कोण वळवील? पण विजेला शोभेचं काही पडलेलं नसतं. तिचं माहेर सह्याद्रीत. परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारच्या उन्हाने जमीन तापते, दमट हवा आंबा घाटाच्या अंगाने वर चढते, तिसऱ्या प्रहरी पूर्वेला ढगांची रास उभी राहते. वरच्या थरातला वारा तेव्हा पूर्वेचा असतो. त्यामुळे संध्याकाळी तो सगळा गडगडाट साखरपा, पाली, हातखंबा असे थांबे घेत रत्नागिरीत उतरतो.

घाटावरच्या पाहुण्यांना वाटतं, कोकणातला पाऊस म्हटला की विजा आल्याच. त्यांनी जुलैत येऊन पाहावं. छत्रीने मान टाकावी असा पाऊस, पण वीज नावाला. ढगात विद्युतभार साठायचा तर तो चांगला दहा-बारा किलोमीटर वर चढायला हवा, म्हणजे आतले बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटतात. जुलैतल्या ढगांना एवढी उंची सहसा गाठता येत नाही; ती गाठतात मे महिन्यातले वळवाचे, नाहीतर हस्त-चित्राचे ढग. त्यातही खोडी अशी की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बंदर बोटींनी गच्च भरलेलं, फोटोसाठी अगदी नटून बसलेलं, आणि आकाशात वीज नाही. वीज येते तेव्हा निम्म्या बोटी दर्यात.

नवा कॅमेरावाला वीज दिसली की बटण दाबतो. दिसण्यापासून बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो. तेवढ्यात वीज बाई एकाच वाटेने तीन-चार झटके देऊन मोकळ्या झालेल्या असतात. कंसाने तर तिचे पाय धरले होते, तरी ती निसटलीच. आपल्या हातात नुसतं बटण.

म्हणून इथे सगळं आधी करून ठेवायचं. आयएसओ १००, अॅपर्चर एफ/८, फोकस हाताने दीपगृहाच्या दिव्यावर पक्का केलेला. मग शटर उघडायचं आणि वीस-तीस सेकंद काळोखाकडे बघत राहायचं. त्या अवधीत ती आली तर स्वतःच उमटते. तुम्ही तेव्हा मान खाजवत असाल, तरी फोटो तुमच्याच नावावर. बंदरावरच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. गळाला हिसका द्यायचं हे कामच नव्हे, जाळं पसरून बसायचं.

आणि जाळं बहुतेक वेळा रिकामं येतं. घरी जाऊन कार्ड संगणकात घातलं की काळ्या चौकोनांची रांग लागते. पहिला काळा, दुसरा काळा, तिसऱ्यात दीपगृह, चौथा पुन्हा काळा. सौभाग्यवती मागून चहा ठेवता ठेवता विचारते, “अहो, झाकण काढलं होतंत ना?” या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर आहे, पण ते देऊ नये.

डिजिटल कॅमेऱ्याने रिळाचा खर्च वाचवला हे खरंच. छत्तीस फोटोंच्या रिळात काळोख भरून तो स्टुडिओत धुवायला देणारा माणूस श्रीमंत तरी असला पाहिजे किंवा निर्लज्ज तरी. पण डिजिटलने नव्या खोडी दिल्या. कॅमेऱ्यात एक सोय असते: लांब एक्स्पोजर झालं की तो शटर मिटून तेवढाच वेळ पुन्हा स्वतःशी काळोख मोजत बसतो, फोटोतले रंगीत ठिपके पुसायला. तीस सेकंद फोटो, तीस सेकंद प्रायश्चित्त. त्या दिवसाची सर्वांत देखणी वीज नेमकी प्रायश्चित्तात पडते. ती सोय बंद केली, तर आपणच मागच्या पडद्यावर आधीचा फोटो बघायला वाकतो आणि जेटीवरचे लोक “ओ हो हो!” करतात.

या नादाचा एक पूर्वज फिलाडेल्फियात होता. विल्यम जेनिंग्ज यांनी १८८२ साली विजेचा फोटो मिळवला. तोवर चित्रकार वीज काढायचे ती टोकदार, कोन पडलेली. जेनिंग्ज यांच्या काचेवर आली ती फाटे फुटत जाणारी, नदीच्या नकाशाशी नातं सांगणारी. पुरावा येऊन एक शतक उलटून गेलं, तरी डीपीवरच्या ‘धोका’ पाटीवरची वीज अजून काटकोनातच वळते.

फोटोत आणखी एक उलटापालट होते. नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटी वीस सेकंदांत इतक्या डुलतात की त्यांचं नुसतं धुकं उरतं. आणि निमिषात येऊन गेलेली वीज मात्र रेघ न् रेघ स्पष्ट, जणू तीच नांगरलेली. दीपगृहाचा झोत तेवढा ठरल्या वेळी हजर. सरकारी दिव्यात अशी शिस्त विरळाच. मध्येच वीजपुरवठा जातो. आकाशात वीज आल्याबरोबर घरातली जाते, याचा आनंद मानणारा आख्ख्या गावात फोटोवाला हा एकच इसम, कारण जेटीवरच्या दिव्यांची पिवळी झाक फोटोतून निघून जाते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचं अॅप काढलंय. तुमच्या वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिघात वीज असली की ते सावध करतं. लोकांनी घरात जावं म्हणून. फोटोवाला ते बघून चपला घालतो. हे काही शौर्य नव्हे. वीज ढगापासून पंधरा किलोमीटर दूरही येऊन पडू शकते, आणि उघड्या जेटीवर ट्रायपॉडशेजारी उभा असलेला माणूस तिला आयता उंचवटा. गडगडाट ऐकू आला की आपण तिच्या हद्दीत आहोत. मग गाडीच्या काचा लावून आत बसावं, नाहीतर एखाद्या पक्क्या घराची खिडकी गाठावी. दाराशी आलेल्या ढगात तसाही फोटो धड येत नाही, नुसता पांढरा पडदा. ढग शहर ओलांडून समुद्रावर गेला, दूर क्षितिजावर लवलवायला लागला, की खरी संधी; तेव्हा समुद्राकडे तोंड करणाऱ्याचं बरोबर ठरतं.

असाच एक बऱ्यापैकी फोटो मी बंदरावरच्या ओळखीच्या तांडेलांना नेऊन दाखवला. त्यांची बोट डाव्या कोपऱ्यात, मधोमध पाण्यापर्यंत उतरलेली वीज. त्यांनी चष्मा पुसून लावला, मोबाइल जवळ नेला, लांब धरला.

“बोट हललीय,” ते म्हणाले.

मी एक्स्पोजरचं सगळं पुराण सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“ते असूं दे. कॉम्प्युटरवर तुमच्या काय काय पुसता येतं म्हणतात ना? मग ही मधली वीज तेवढी पुसून टाका. हिच्यामुळे बोटीकडे कोणाचं लक्षच जात नाही.”